एकच चित्र, दोन बोर्ड आणि किरमिजी झालेला हिरवा

गवतीचहा (धागाकर्ता)

मंडळी, तंत्रज्ञान विभागात बरेच दिवस सामसूम आहे, म्हणून एक डोकेदुखी घेऊन आलोय.

आमच्या यंत्राच्या दर्शनी पॅनलवर ३२० बाय २४० चा छोटा रंगीत डिस्प्ले आहे. कंट्रोलर आयएलआय९३४१, जोडणी एसपीआयवर (एकामागून एक बिट पाठवणारी तार), पिक्सेल आरजीबी५६५ म्हणजे प्रत्येकी १६ बिटांचा (लाल ५, हिरवा ६, निळा ५). लिनक्सचा ड्रायव्हर आधीच्या माणसाने लिहिलेला. तो माणूस आता नाही (नोकरी सोडून गेला, गैरसमज नको). एआरएम बोर्डावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. आता एका गिऱ्हाइकाला तोच डिस्प्ले त्यांच्या जुन्या पॉवरपीसी बोर्डावर हवाय. तो बोर्ड बिग-एंडियन, म्हणजे आकड्यातला मोठा बाइट मेमरीत आधी ठेवणारा. आमचा एआरएम लिटल-एंडियन, छोटा बाइट आधी.

ड्रायव्हर पिक्सेल पाठवायच्या आधी प्रत्येक १६ बिटांवर स्वॅब१६() मारतो (दोन बाइटांची अदलाबदल), काहीही न बघता. पॉवरपीसीवर सुरुवातीचा लोगो बिघडला. पांढरं पांढरंच, काळं काळंच, पण हिरवी पट्टी चक्क किरमिजी. म्हटलं सोपं आहे, स्वॅब१६ काढून सीपीयू_टू_बीई१६() घातलं, जे प्रोसेसर लिटल असेल तरच उलटवतं. लोगो झकास. पण कॅलिब्रेशनचं चित्र, जे तोवर व्यवस्थित दिसत होतं, ते किरमिजी झालं! परत जुना कोड घातला, की कॅलिब्रेशन ठीक आणि लोगोची वाट. एआरएमवर मात्र दोन्ही कोड, दोन्ही चित्रं, सगळं बरोबर.

तर प्रश्न असा की बाइट उलटवायची जागा नक्की कुठली? अ‍ॅप्लिकेशन, ड्रायव्हर, एसपीआय कंट्रोलर, की पॅनलचं एखादं रजिस्टर? माझं मत: ड्रायव्हरने या भानगडीत पडूच नये. ज्याने चित्र दिलं त्याने ते पॅनलला हव्या त्या क्रमाने द्यावं.

शून्यएक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कर्नलकाका येतीलच.

भातुकली

बिटमॅप म्हणजे पेंटमध्ये सेव्ह करतो ते .बीएमपी ना? मग त्यात एवढं काय उलटंसुलटं?

गवतीचहा

@भातुकली, ते त्यातलं एक. इथे बिटमॅप म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेले पिक्सेल, फाइल कुठलीही असो. १६ बिटांचा पिक्सेल दोन बाइटांत बसतो, आणि त्यातला मोठा बाइट आधी की छोटा, यावर प्रोसेसरांचं एकमत नाही.

निवांत_नागपूरकर

आणि बीएमपीत तर अजून गमती आहेत बाप्पा. फाइलचं पहिलं हेडर १४ बाइटांचं. म्हणून त्यापुढचा ३२ बिटांचा एकही आकडा चारच्या पटीत येत नाही: चित्राची रुंदी १८ व्या बाइटापासून, उंची २२ व्या. स्ट्रक्चरचा पॉइंटर थेट फाइलवर टाकला की एक तर कंपायलर मध्ये पॅडिंग (रिकामे बाइट) घुसवतो, नाहीतर कॉर्टेक्स-एम० सारखा प्रोसेसर सरळ हार्ड फॉल्ट देऊन आडवा होतो. वरून आकडे सगळे लिटल-एंडियन, ओळी खालून वर, २४ बिटांत आधी निळा मग हिरवा मग लाल, आणि प्रत्येक ओळ चारच्या पटीत फुगवलेली. उंची ऋण असली तर ओळी वरून खाली! कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असं काही वाचायचंच असेल तर गेट_अनअलाइन्ड_एलई३२() वापरा. क्रम आणि अलाइनमेंट, दोन्हीचा निकाल एकदमच लागते.

कर्नलकाका

आलो रे बाबांनो. आधी किरमिजीचा उलगडा करू, कारण रंगच सांगतात काय झालंय ते.

शुद्ध हिरवा आरजीबी५६५ मध्ये असा असतो:
०००००१११ १११०००००
बाइटांची अदलाबदल झाली की:
१११००००० ०००००१११
आता हे ५-६-५ असं तोडून वाचा: १११०० / ०००००० / ००१११. म्हणजे लाल २८ (३१ पैकी), हिरवा शून्य, निळा ७. हाच तुझा किरमिजी.

तसंच शुद्ध लाल उलटला की निळसर होतो (लाल ०, हिरवा ७, निळा २४), आणि शुद्ध निळा उलटला की हिरवा (लाल ३, हिरवा ५६, निळा ०). पांढऱ्यात सगळे एक, काळ्यात सगळे शून्य, त्यामुळे ते दोघे कसेही उलटवा, तसेच राहतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवून "डिस्प्ले तपासला" असं सही करून देणारे लोक मी पाहिलेत.

आता तुझा खरा प्रश्न. लोगो ड्रायव्हरपर्यंत कसा येतो आणि कॅलिब्रेशनचं चित्र कसं येतं? दोन्ही एकाच वाटेने येत नसणार, माझी पैज.

मांडवीतीर

काकांच्या रंगांत एक भर घालतो. हौशी लोकांना लाल-निळा उलटा दिसला की ते लगेच बाइट-ऑर्डर, बाइट-ऑर्डर ओरडायला लागतात. पण लालाचा निळा आणि निळ्याचा लाल झाला आणि हिरवा *जागच्या जागी* राहिला, तर ती बाइटांची भानगड नव्हे. ते आरजीबी-बीजीआर आहे. आयएलआय९३४१ मध्ये हेक्समध्ये ३६ नंबरची कमांड असते, मेमरी अ‍ॅक्सेस कंट्रोल, त्यात बिट ३ बदला की काम झालं. हिरव्याला हात लागला तरच बाइट तपासायचे.

पणजीत आमचा एक छोटा गट आहे, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर असले पडदे लावून भरती-ओहोटीची घड्याळं वगैरे करतो. एलव्हीजीएलच्या (छोट्या पडद्यांवर चित्र काढायची लायब्ररी) आठव्या आवृत्तीपर्यंत कॉन्फिगमध्ये एलव्ही_कलर_१६_स्वॅप नावाचं एक बटण होतं. १ केलं की विषय संपला. नवव्या आवृत्तीत ते काढून टाकलं, मग फ्लश करताना (पडद्याकडे पाठवताना) आपणच उलटवायची वेळ आली. नवीन मुलं जुने व्हिडिओ बघून ते बटण शोधत बसतात.

म्हणून मी धागाकर्त्याशी सहमत. ज्याने चित्र काढलं त्यानेच क्रम लावावा. एकच बटण, एकच जागा.

कर्नलकाका

@मांडवीतीर, मायक्रोकंट्रोलरवर चित्र काढणारा आणि पाठवणारा एकच माणूस असतो, तिथे बटण चालून जातं. लिनक्सवर चित्र काढणाऱ्याला पॅनल कुठलं आहे हे माहीतच नसतं, आणि नसावंही. उद्या पॅनल बदललं की सगळ्या अ‍ॅप्लिकेशनांना निरोप धाडायचा का?

गवतीचहा

काका, पैज जिंकलात. लोगो एका .एच फाइलीत आहे, u१६ चा (१६ बिटांच्या आकड्यांचा) कॉन्स्ट अ‍ॅरे, ड्रायव्हरबरोबरच कंपाइल होतो. कॅलिब्रेशनचं चित्र .बिन फाइल आहे. लॅपटॉपवर पायथनच्या स्क्रिप्टने बनवतात, ड्रायव्हर ती रिक्वेस्ट_फर्मवेअर() ने उचलतो आणि जशी आली तशी (u१६ *) असं कास्ट करून त्याच पाठवायच्या फंक्शनला देतो.

कर्नलकाका

झालं तर मग.

.एच फाइलीत *आकडे* आहेत. कंपायलर ज्या प्रोसेसरसाठी कंपाइल करतो त्याच्या क्रमाने ते मांडतो. एआरएमवर छोटा बाइट आधी, पॉवरपीसीवर मोठा आधी. किंमत दोन्हीकडे तीच.

.बिन फाइलीत *बाइट* आहेत. लॅपटॉप लिटल-एंडियन, स्क्रिप्टने तसेच लिहिले. ती फाइल कुठल्याही बोर्डावर न्या, बाइट त्याच क्रमाने येणार. एआरएमवर त्यांना u१६ समजून वाचलं तर योगायोगाने बरोबर किंमत मिळते. पॉवरपीसीवर उलटी मिळते.

एआरएमवर हे दोन प्रकार एकसारखेच दिसतात म्हणून इतकी वर्षं निभावलं. पॉवरपीसीवर ते वेगळे पडले, आणि तू दोघांवर एकच औषध चालवतोयस. त्या शेवटच्या फंक्शनमध्ये काहीही लिहिलंस तरी एक चित्र बिघडणारच.

उपाय: .बिन आत आली की तिथल्या तिथे एलई१६_टू_सीपीयू() करून तिचे आकडे करून घे. त्यानंतर ड्रायव्हरच्या पोटात सगळीकडे प्रोसेसरच्या क्रमातले आकडेच फिरतील. बाहेर तारेवर जाताना सीपीयू_टू_बीई१६(). दारातून आत येताना एकदा, दारातून बाहेर जाताना एकदा. मधल्या कोडमध्ये स्वॅब हा शब्द दिसला तर संशय घ्यायचा.

खवट_खोबरं

एवढ्या चर्चेची गरज आहे का? बिग-एंडियन मेलंय. एआरएम, एक्स८६, रिस्क-फाइव्ह सगळे लिटल. रिस्क-फाइव्हच्या बिग-एंडियनला लिनक्समध्ये घ्यायला खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०२५ मध्ये साफ नकार दिला. गिऱ्हाइकाला सांगा, बोर्ड बदला.

शून्यएक

गिऱ्हाइकाला सांगायचं काम तुम्हीच घ्या, खोबरेसाहेब. गवतीचहाला पोटापाण्याचं बघायचंय.

राईनकाठ

@खवट_खोबरं, टोरवाल्ड्स यांचा नकार नवीन बिग-एंडियन *आणू नका* यासाठी होता. जे आहे ते कुठे गेलंय? माझा पगार ज्या यंत्रांवर होतो ती एस३९०एक्स आहेत, म्हणजे आयबीएमची मेनफ्रेम, शंभर टक्के बिग-एंडियन, आणि त्यांच्यावर लिनक्स रोज चालतं.

दुसरं म्हणजे, समजा जगातले सगळे प्रोसेसर उद्या लिटल झाले. तरी गवतीचहाचा पॅनल तारेवर मोठा बाइटच आधी मागणार. नेटवर्कची पाकिटं तशीच येणार. प्रश्न प्रोसेसरचा आहे असं वाटतं, पण तो हद्दीवरचा आहे, आणि हद्द राहणारच.

ग्राफिक्स कार्डांच्या जमान्यातली एक जुनी मेख सांगतो. मेमरी-मॅप्ड फ्रेमबफर (प्रोसेसरला थेट लिहिता येणारी पडद्याची मेमरी) असेल तर रायटएल() हे लिटल-एंडियन समजून लिहितं, म्हणजे बिग-एंडियन यंत्रावर ते स्वतःच बाइट उलटवतं. मेमसीपीवाय_टूआयओ() मात्र बाइट जसेच्या तसे ओततं. एकाच ड्रायव्हरमध्ये चौकोन रंगवायला पहिलं आणि चित्र चिकटवायला दुसरं वापरलं, की पार्श्वभूमी एका रंगात आणि चित्र भलत्याच. दोन्ही फंक्शनं आपापल्या जागी बरोबर असतात! याच त्रासापायी रेडिऑनसारख्या कार्डांत हार्डवेअरमध्येच बाइट उलटवायची सोय होती, १६ बिटांसाठी वेगळी आणि ३२ साठी वेगळी. म्हणजे रंगखोली बदलली की ती सेटिंगही बदलायची, नाहीतर पुन्हा होळी.

खवट_खोबरं

मेनफ्रेमवर कोण टीएफटी पडदा लावतो?

राईनकाठ

कोणी नाही. पण आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये पडदा असतो. डीआरएममध्ये (लिनक्सची ग्राफिक्सची यंत्रणा) एक्सआरजीबी८८८८ हा फॉरमॅट लिटल-एंडियन असाच ठरलेला आहे, प्रोसेसर कुठलाही असो. मेमरीत आधी निळा, मग हिरवा, मग लाल. जुने प्रोग्राम मात्र यंत्राचा स्वतःचा क्रम धरून चालायचे. त्या दोघांची सांगड घालायला नंतर "होस्ट" क्रमाचे वेगळे फॉरमॅट मांडावे लागले. तेव्हा मेलेल्याने बराच उपद्व्याप केलाय.

डीबगताई

शीर्षक वाचून मी भलतीच अपेक्षा घेऊन आले. कर्नलमध्ये "बिटमॅप" म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अनसाइन्ड लाँगचा अ‍ॅरे येतो: सेट_बिट, टेस्ट_बिट, फाइंड_नेक्स्ट_बिट. कुठली इंटरप्ट लाइन पेटली, कुठला बफर मोकळा, ते नोंदवायचे बिट. अवांतर होतंय, पण काकांनी सांगितलेला आकडे-विरुद्ध-बाइट हा झगडा तिथे आणखी खोल आहे, म्हणून लिहितेच.

समजा उपकरण डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) ६४ बिटांचा स्टेटस नकाशा मेमरीत टाकतं, लिटल-एंडियन. लिटल प्रोसेसरवर बिट क्रमांक न कुठे असतो? बाइट न भागिले ८, त्यातला बिट न मोड ८. शब्द ३२ बिटांचा घ्या की ६४ चा, उत्तर तेच. म्हणून (unsigned long *) असं कास्ट करून टेस्ट_बिट() मारलं तरी चालतं, आणि रिव्ह्यूमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही.

बिग-एंडियनवर बिट ० कुठे बसतो ते लाँग केवढा यावर ठरतं. ३२ बिटांच्या यंत्रावर बाइट ३ मध्ये, ६४ च्या यंत्रावर बाइट ७ मध्ये. म्हणजे तोच कास्ट दोन बिग-एंडियन यंत्रांवर *दोन वेगळ्या प्रकारे* चुकतो. आणि u३२ च्या अ‍ॅरेला लाँगचा अ‍ॅरे म्हणून वापरलं तर ६४ बिटांच्या बिग-एंडियनवर शब्दांच्या जोड्या उलट्या लागतात. बिट ० विचारलं की बिट ३२ चं उत्तर येतं.

याची पुराव्यानिशी जागा हवी असेल तर कर्नलच्या ड्रायव्हर्स/इनपुटमधली ईव्हीडेव्ह.सी उघडा. "या कीबोर्डला कुठल्या कळा आहेत" हा बिटमॅप युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना) देताना, कर्नल ६४ बिटांचा, बिग-एंडियन, आणि प्रोग्राम ३२ बिटांचा असेल तर अर्धे शब्द अदलाबदल करून कॉपी करावे लागतात. बिट्स_टू_युजर नावाचं फंक्शन आहे, त्याची बिग-एंडियनसाठी निराळी आवृत्तीच लिहिली आहे.

कास्ट करू नका. u३२ मधून आणायचं तर बिटमॅप_फ्रॉम_एआरआर३२(). नकाशा मेमरीत कायमच लिटल क्रमाने ठेवायचा असेल तर सेट_बिट_एलई() आणि त्याची भावंडं. केव्हीएममध्ये (कर्नलची व्हर्च्युअल मशीनची सोय) मेमरीची कुठली पानं मळली, म्हणजे बदलली, याचा हिशेब ठेवायला हेच वापरलंय.

गवतीचहा

ताई, अवांतर अजिबात नाही. याच ड्रायव्हरमध्ये "पडद्याचे कुठले चौकोन पुन्हा रंगवायचे" याचा असा एक नकाशा आहे, आणि तो चक्क (unsigned long *) कास्ट करून वापरलाय. बघावं लागणार.

भातुकली

मला निम्मं कळलं नाही पण वाचायला मजा येतेय. बाइट उलटणं आणि बिट उलटणं यात फरक काय ते एकदा सोप्या भाषेत सांगाल का कोणी?

निवांत_नागपूरकर

रेल्वेच्या डब्यांसारखं समजा ताई. प्लॅटफॉर्मवर गाडी उलटी लागली की एस-१ मागे जातो आणि एस-१० पुढे येतो. हे बाइट उलटणं. पण डब्याच्या आतला एक नंबरचा बर्थ डब्यात होता तिथेच. ते बिट.

शून्यएक

काहीही! गाडी उलटी लागली तर डबासुद्धा उलटाच लागतो ना. एक नंबरचा बर्थ आता इंजिनापासून दुसऱ्या टोकाला. तुम्ही सांगितलंत ते बिटांसकट सगळंच उलटणं झालं. बाइट उलटवायचे तर यार्डात नेऊन एकेक डबा सुटा करून, त्याचं तोंड न फिरवता, क्रम बदलून पुन्हा जोडावा लागेल.

निवांत_नागपूरकर

काहून डोकं खाता भाऊ. भातुकलीताईंना समजलं असंन. (पण मुद्दा बरोबर आहे. मान्य.)

डीबगताई

शून्यएक बरोबर आहेत, आणि एका रंगाच्या पडद्यांवर हाच फरक डोळ्यांनी दिसतो. एसएसडी१३०६ चा १२८ बाय ६४ चा ओएलईडी घ्या. त्यात एक बाइट म्हणजे *उभे* आठ पिक्सेल, सर्वांत खालच्या किमतीचा बिट वर. एक्सबीएम फाइलीत बाइट आडवा आणि डावा पिक्सेल खालच्या बिटात. पीबीएममध्येही आडवाच, पण डावा पिक्सेल वरच्या बिटात. इथे बाइटांच्या क्रमाचा काही संबंधच नाही, तरी लोक स्वॅब मारत बसतात. "र" काढून बघा. अक्षर आठ-आठ पिक्सेलांच्या पट्ट्यांत आरशासारखं उलटं दिसलं तर बिट उलटे आहेत. पट्ट्या स्वतः सरळ पण शेजारच्यांच्या जागा बदललेल्या असल्या तर बाइट.

राईनकाठ

एक्स११ (युनिक्सची पडद्यावर खिडक्या दाखवायची यंत्रणा) वाल्यांनी हे १९८७ मध्येच ओळखलं होतं. जोडणी करताना क्लायंट पहिला बाइट "बी" किंवा "एल" पाठवून आपला क्रम सांगतो, आणि सर्व्हर उत्तरात चित्राचा बाइट-क्रम वेगळा सांगतो, बिटमॅपचा बिट-क्रम वेगळा, आणि ओळ ८, १६ की ३२ च्या तुकड्यांत मोजायची तेही वेगळं. आपण अजून सगळ्याला "एंडियन" म्हणून मोकळे होतो.

मांडवीतीर

मूळ मुद्द्याकडे. पॅनललाच सांगता येत नाही का? आयएलआय९३४१ मध्ये एफ६ कमांडीत एंडियनचा बिट आहे असं डेटाशीटमध्ये बघितलेलं आठवतं.

कर्नलकाका

आहे, पण त्याच पानावरची तळटीप वाच. तो बिट ६५ हजार रंगांत, ८ किंवा ९ बिटांच्या *पॅरलल* जोडणीतच चालतो. एसपीआयवर त्याचा उपयोग नाही.

एसपीआय कंट्रोलरचा मार्ग मात्र खरा आहे, आणि माझ्या मते सर्वांत स्वच्छ. लिनक्सच्या एसपीआयचा नियम असा: बिट्स_पर_वर्ड १६ ठेवलं तर बफरमध्ये प्रोसेसरच्या क्रमातले १६ बिटांचे आकडे असतात असं धरलं जातं, आणि तारेवर मोठा बिट आधी जातो. म्हणजे उलटवायचं काम हार्डवेअरने केलं, सीपीयू_टू_बीई१६ सुद्धा नको. मात्र ८ ठेवलं तर बाइट मेमरीत असतील त्या क्रमाने जातात, तेव्हा ते हवंच. दोन्ही एकदम केलंस तर लिटल-एंडियनवर पुन्हा किरमिजी.

सगळ्या कंट्रोलरांना १६ जमत नाही. म्हणून ड्रायव्हरने सुरू होताना विचारायचं. कर्नलमधला डीआरएम मिपी डीबीआयचा (असल्या पॅनलांसाठीचा) कोड हेच करतो: यंत्र लिटल-एंडियन असेल *आणि* कंट्रोलरला १६ बिटांचे शब्द जमत नसतील, तरच बाइट उलटवायचे.

खवट_खोबरं

आणि सॉफ्टवेअरने उलटवलं तर वेगाचं काय? दर फ्रेमला ७६,८०० पिक्सेल.

कर्नलकाका

हिशेब करू. एक फ्रेम १,५३,६०० बाइट. एसपीआय ४० मेगाहर्ट्झवर धरलं तरी नुसती तारेवरून जायला ३० मिलिसेकंदांवर वेळ. तेवढ्यात ७६,८०० पिक्सेल उलटवणं म्हणजे प्रोसेसरला जांभई द्यायचं काम. एआरएममध्ये रेव्ह१६ ही सूचना एका ३२ बिटांच्या शब्दातले दोन पिक्सेल एका दमात उलटवते. अडलंय ते तारेपाशी.

मांडवीतीर

वेग सोडा, *जागेवरच* उलटवू नका एवढं मी सांगेन. आमच्यात एकाने फ्रेमबफरच उलटवून पाठवला. पुढच्या फ्रेममध्ये पडद्याचा जो भाग नव्याने काढला नव्हता तो पुन्हा उलटला, म्हणजे सरळ झाला, म्हणजे चुकीचा झाला. घड्याळाचे काटे बरोबर रंगात आणि मागची तबकडी दर सेकंदाला रंग बदलतेय. लोकांना वाटलं मुद्दाम केलेलं डिझाइन आहे, दोघातिघांनी कौतुकही केलं.

शून्यएक

=)) =))

डीबगताई

आणि डीएमए चालू असताना जागेवर उलटवलं तर वरचा अर्धा पडदा एका रंगात, खालचा दुसऱ्या. पाठवायचा बफर निराळाच ठेवा, कॉपी करतानाच उलटवा.

@गवतीचहा, अजून एक. बफरांना नुसतं u१६ म्हणू नका. .बिनमधून आलेलं ते __एलई१६, तारेवर जाणारं ते __बीई१६, मधलं ते u१६. मग स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) लावा, मेक सी=२. जिथे जिथे एकाला दुसऱ्यात न बदलता मिसळलंय तिथे तो बोट ठेवतो. पूर्वी ही तपासणी वेगळी सांगून चालू करावी लागायची, आता आपोआप होते. बिग-एंडियन बोर्ड हातात नसेल तर क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) पीपीसी६४ किंवा एस३९०एक्स उभं करा, निदान बिटमॅपचा भाग तिथे तपासून होईल.

गवतीचहा

दोन दिवस गायब होतो, आता हिशेब देतो.

.बिन आत येतानाच एलई१६_टू_सीपीयू केलं. पाठवताना कंट्रोलरला १६ जमतं का ते विचारलं. एआरएम बोर्डावर जमतं, पॉवरपीसी बोर्डावर नाही. गंमत म्हणजे पॉवरपीसीवर ८ बिटांतही सीपीयू_टू_बीई१६ काहीच करत नाही, कारण क्रम आधीच तसा. त्यामुळे आता दोन्ही बोर्डांवर बाहेर जाताना ड्रायव्हरला एकही बाइट उलटवावा लागत नाही आणि दोन्ही चित्रं दोन्हीकडे बरोबर. ज्याने चित्र दिलं त्याने क्रम लावावा, हे माझं वरचं मत मागे घेतो. पायथनची स्क्रिप्ट आहे तशीच राहिली.

स्पार्सने आणखी एक जागा दाखवली जी इथे कोणाला माहीतच नव्हती: स्क्रीनशॉटचा आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरकडे काही मागायचा मार्ग). तो पाठवायचा बफर, म्हणजे तारेच्या क्रमातला, थेट युजरस्पेसला देत होता. एआरएमवर स्क्रीनशॉटचे रंग कायम चुकीचे यायचे, आणि टेस्टिंगवाल्यांनी त्यासाठी वर्षांपूर्वी स्वतःच्या टूलमध्ये "रंग दुरुस्त करा" असं बटण करून घेतलं होतं. आता मी ड्रायव्हर दुरुस्त केला तर त्यांचं बटण चित्र बिघडवणार.

शून्यएक

बटण ठेवा, फक्त नाव बदला: "रंग बिघडवा".

डीबगताई

चेष्टा सोडा, ही युजरस्पेसला दिसणारी वागणूक आहे, गुपचूप बदलू नका. जुना आयओसीटीएल तसाच ठेवा, नवा नंबर घेऊन बरोबर क्रमाचा दुसरा द्या, आणि त्यात फॉरमॅटचं नाव स्पष्ट लिहा: आरजीबी५६५, लिटल-एंडियन. त्यांचं टूल सवडीने बदलेल.

कर्नलकाका

ताईंना पूर्ण अनुमोदन. आणि त्या चौकोनांच्या नकाशाचं काय झालं?

गवतीचहा

तो u३२ चा अ‍ॅरे होता, १२ बाय १६ चौकोन, एकूण १९२ बिट. हा पॉवरपीसी ३२ बिटांचाच, म्हणून आज चालतोय. गिऱ्हाईक ६४ बिटांच्या बोर्डाचं नाव काढतंय, त्याआधी डिक्लेअर_बिटमॅप (म्हणजे मुळातच लाँगचा नकाशा) करून टाकतो.

कर्नलकाका

कर. आणि मग बसून विचार कर की हा ड्रायव्हर ठेवायचाच कशाला. कर्नलमध्ये पॅनल-मिपी-डीबीआय नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. पॅनल सुरू करायच्या कमांडी फर्मवेअर फाइलीतून घेतो, बाकी सगळं डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन). आयएलआय९३४१ त्यावर आरामात चालेल.

गवतीचहा

काका, बोर्डावरचा कर्नल जुना, ४.४ आहे.

कर्नलकाका

मग राहू दे.